साधन स्वदेशी, पुरावा कोणाचा?

सेवानिवृत्त अधिकाऱ्याच्या टेबलावर येणाऱ्या फायली बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या असतात. माझ्याकडे गेली काही वर्षे आणखी एका प्रकारच्या फायली येत आहेत. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत एक प्राणी-नीती समिती असावी लागते. तिच्यात वेगवेगळ्या शाखांचे शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, केंद्रीय समितीने पाठवलेला प्रतिनिधी असतो. एक सदस्य मात्र शास्त्रज्ञ नसलेला आणि नियमांच्या भाषेत ‘सामाजिक भान असलेला’ असावा लागतो. इतिहासाची पदवी आणि तीन दशकांची सरकारी नोकरी एवढ्या भांडवलावर मी एका संस्थेत ही जागा भूषवतो.

काही महिन्यांपूर्वी आलेल्या फायलीत प्रस्ताव होता तो एका रक्तस्तंभक भुकटीचा. जठरातील व्रणातून, म्हणजे आपण ज्याला अल्सर म्हणतो त्यातून, जोराने रक्त वाहू लागले की दुर्बिणीच्या नळीतून ही भुकटी फवारायची आणि स्राव थांबवायचा, अशी कल्पना. भुकटी देशात तयार झालेली, ती घडवणारे तरुण अभियंते आपलेच. माणसावर वापरण्यापूर्वी ती डुकरांवर तपासायची होती. भूल दिलेल्या डुकराच्या जठरात मुद्दाम रक्तस्राव घडवायचा, भुकटी फवारायची, काही दिवस प्राण्याला सांभाळायचे आणि अखेरीस वेदनारहित मृत्यू देऊन त्याचे अवयव तपासायचे. शेवटच्या पानावर माझ्या सहीसाठी मोकळी जागा होती.

ही सही करताना माझा हात का अडखळला आणि अखेरीस मी काय केले, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. एका समितीपुरता हा प्रश्न मर्यादित नाही. वैद्यकीय साधनांत स्वावलंबी होण्याचे धोरण देशाने स्वीकारले आहे. साधन भारतात घडवले म्हणजे काम संपत नाही. ते चालते आणि अपाय करत नाही याचा पुरावाही कुठेतरी, कोणीतरी, कोणाच्या तरी शरीरावर मिळवावा लागतो. त्या पुराव्याविषयी आपण फार कमी बोलतो.

प्रथम आजाराविषयी. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी छोटानागपूरच्या पठारावरील एका जिल्ह्यात माझी नेमणूक होती. माझ्या कार्यालयातील पेशकार बाबू गुडघेदुखीने त्रस्त असत आणि बाजारातून वेदनाशामक गोळ्या आणून खात. एके रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली. जिल्ह्याच्या रुग्णालयात दुर्बीण नव्हती, ती चालवणारा डॉक्टर नव्हता, रक्तही पुरेसे नव्हते. सरकारी जीपमधून त्यांना मोठ्या शहराकडे नेताना वाटेतच त्यांचा प्राण गेला. त्यांच्या मुलाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी देण्याच्या आदेशावर मीच सही केली. त्या रात्री त्यांच्या जठरातील नेमकी कोणती धमनी फुटली होती हे कोणालाच कळले नाही. प्रशासक म्हणून मला एवढेच कळले की, मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेले कारण आणि मृत्यूचे खरे कारण यांत पुष्कळ अंतर असते.

आज चित्र बदलले आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध लागला, आम्ल कमी करणारी प्रभावी औषधे आली, मोठ्या शहरांत दुर्बिणीची सोय झाली. तरीही रक्तस्रावी अल्सर संपलेला नाही. वय वाढलेल्या रुग्णांत वेदनाशामके आणि हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी औषधे यांचा वापर वाढतो, तसा हा धोका टिकून राहतो. दुर्बिणीतून क्लिप लावणे, उष्णतेने धमनी बंद करणे, अ‍ॅड्रेनलिन टोचणे हे प्रस्थापित उपाय आहेत. पण त्यांना कसबी हात लागतो. भुकटी फवारायला तुलनेने कमी कौशल्य पुरते. म्हणून जिल्हा पातळीवर, रात्रीच्या वेळी, अननुभवी डॉक्टरच्या हाती असे साधन असणे ही कल्पना मला पेशकार बाबूंची आठवण करून देते. माझा कल कोणत्या बाजूला होता, हे वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

नेमका म्हणूनच मला इतिहासाकडे वळावेसे वाटले. अल्सरच्या उपचाराचा इतिहास हा चांगल्या हेतूने केलेल्या चुकांचाही इतिहास आहे.

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे ख्यातनाम शल्यविशारद ओवेन वांगेन्स्टीन यांनी जठर गोठवण्याचे यंत्र पुढे आणले. मूळ प्रेरणा रक्तस्राव थांबवण्याचीच होती: जठर थंड केले की रक्तप्रवाह मंदावतो. त्यातून पुढची पायरी निघाली. जठरात फुगा घालून त्यातून शून्याखालच्या तापमानाचा द्रव फिरवला, तर आम्लाची निर्मितीच थांबेल आणि अल्सर शस्त्रक्रियेविना बरा होईल. कुत्र्यांवर प्रयोग झाले, आम्ल कमी झाल्याचे दिसले. काही रुग्णांना दुखणे थांबल्याचा अनुभव आला. १९६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि यंत्रे झपाट्याने रुग्णालयांत पोहोचली. हजारो रुग्णांची जठरे गोठवली गेली. अखेर १९६९ मध्ये १६० रुग्णांवरील दुहेरी-अंध चाचणीचे निकाल आले. निम्म्यांचे जठर खरोखर गोठवले होते, निम्म्यांच्या बाबतीत तसा नुसता देखावा केला होता. कोणाचे काय केले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. गोठवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना बरे वाटले, देखावा केलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. यंत्रे अडगळीत गेली.

या प्रकरणातून प्राण्यांवरील प्रयोग निरुपयोगी असतात असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. कुत्र्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांना विचारलेला प्रश्न अपुरा होता. ‘गोठवल्यावर लगेच आम्ल कमी होते का?’ असे विचारले. उत्तर ‘हो’ आले. ‘हा परिणाम टिकतो का, अपाय किती होतो, आणि ज्या प्राण्याला मुळात अल्सर नाही त्याच्यावरून अल्सरच्या रुग्णाविषयी काय सांगता येते?’ हे प्रश्न कोणी पुरेशा कठोरपणे विचारले नाहीत. मनासारखे उत्तर मिळाले की पुढचे प्रश्न न विचारणे, ही सवय शासनव्यवहारातही मी पुष्कळ पाहिली आहे.

याच्या उलट उदाहरण पुढच्याच दशकातले आहे. १९७० च्या दशकात दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवण्याची अनेक साधने एकाच वेळी पुढे आली: लेझर, विद्युत्‌प्रवाह, उष्ण शलाका. प्रत्येक साधनाचा पुरस्कर्ता आपलेच श्रेष्ठ म्हणत होता. सिअ‍ॅटल येथील संशोधकांच्या लक्षात आले की, तुलना करायची तर आधी सर्वांसाठी एकच जखम हवी. त्यांनी कुत्र्याच्या जठरात ठरावीक आकाराचा आणि खोलीचा रक्तस्रावी व्रण दर वेळी सारखाच घडवणारे एक उपकरण तयार केले आणि १९७६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नावच ‘अल्सर मेकर’ होते. ऐकायला क्रूर वाटते. पण त्या उपकरणामुळे प्रथमच साधनांची समान पायावर तुलना शक्य झाली. आणि रक्त थांबले की नाही याबरोबरच जठराची भिंत आरपार किती भाजली, हेही पुढच्या प्रयोगांत मोजले जाऊ लागले.

कुत्र्यांवरील या प्रयोगमालिकेतून एक साधे पण निर्णायक तत्त्व हाती लागले. वाहत्या धमनीवर दुरून उष्णता टाकली तर वाहणारे रक्तच ती उष्णता वाहून नेते. धमनी उघडी राहते आणि आजूबाजूची भिंत मात्र भाजते. त्याऐवजी शलाकेने धमनी आधी दाबून धरली, तिच्या दोन भिंती एकमेकींना टेकल्या आणि मग उष्णता दिली, तर त्या चिकटतात आणि मोठी धमनीही बंद होते. आधी दाब, मग ताप. त्यामुळे महागड्या लेझरपेक्षा उष्ण शलाका आणि बहुध्रुवी विद्युत्‌ शलाका ही स्वस्त, सुटसुटीत साधने सरस ठरू लागली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेनेही याच दोन साधनांना सर्वांत आशादायक मानले. गेल्या तीन-चार दशकांत जगभर ज्या रुग्णांचे रक्त या रीतीने थांबले, त्यांच्या बचावात त्या प्राण्यांचा वाटा आहे. तो मान्य करण्याचा प्रामाणिकपणा प्राणिमित्रांनीही दाखवावा.

आता भुकटीकडे येऊ. आज प्रचलित असलेली पहिली खनिज भुकटी ‘हेमोस्प्रे’ या नावाने ओळखली जाते. ओलाव्याच्या संपर्कात येताच ती फुगते आणि व्रणावर लेप धरते. डुकरांवरील तिच्या नियंत्रित चाचणीचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी हाँगकाँग येथील २० रुग्णांवरचा पहिला अनुभवही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१८ मध्ये तिला बाजारपेठेची अनुमती दिली. अनुमती देताना जाहीर केलेले आकडे बोलके आहेत: सुमारे ९५ टक्के रुग्णांत फवारणीनंतर पाच मिनिटांत रक्त थांबले, पण सुमारे २० टक्क्यांत ३० दिवसांच्या आत पुन्हा रक्तस्राव झाला.

या दोन आकड्यांमधील दरी म्हणजेच प्राणी-प्रतिरूपाची मर्यादा. डुक्कर का निवडतात? त्याचे जठर आकाराने माणसाच्या जवळ जाते, मोठ्यांसाठीची दुर्बीण त्यात सहज जाते, धमन्यांची जाडी तुलना करण्याजोगी असते. पण प्रयोगशाळेतील डुक्कर तरुण आणि निरोगी असते. त्याचे रक्त माणसाच्या रक्तापेक्षा लवकर गोठते. म्हणून हेपॅरिन देऊन ते पातळ करावे लागते, नाहीतर भुकटीला फुकटचे श्रेय मिळते. त्याच्या जठरातील जखम काही मिनिटांपूर्वी केलेली, ताजी असते. माणसाचा अल्सर जुना असतो. त्याच्या तळाशी व्रणाच्या घट्ट ऊतीत अडकलेली धमनी आकुंचन पावू शकत नाही, आम्ल तिला कुरतडत राहते. भुकटीचा लेप काही दिवसांत गळून पडतो. तोवर निरोगी प्राण्याची जखम भरू लागते; सत्तरीच्या रुग्णाची भरेलच असे नाही.

त्याहून खोल मुद्दा हाँगकाँगच्याच दुसऱ्या एका अभ्यासातून पुढे आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक प्रकरणांच्या या पाहणीत असे दिसले की, रक्तस्रावी अल्सरसाठी दाखल होऊन मृत्यू पावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण रक्तस्रावाने दगावले नव्हते. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांचे विकार किंवा कर्करोग ही मृत्यूची कारणे होती. रक्त थांबवणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने माणूस वाचतोच असे नाही. निरोगी डुकरावरील कोणताही प्रयोग हे सांगू शकत नव्हता.

मग प्राणी काय सांगू शकतो? माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी. साधन जोराच्या धमनी-स्रावापुढे टिकते का. ते भिंतीला इजा करते का. आणि वायूच्या दाबाने उडवलेले कण फुटक्या रक्तवाहिनीत शिरून फुप्फुसात किंवा मेंदूत जातात का. हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर मिळवण्यासाठी अवयव कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. पहिल्यांदा तो प्रश्न रुग्णाच्या शरीरात विचारला जावा, असे कोणीही म्हणणार नाही.

हा तोल साधण्याची दृष्टी आपल्या कायद्यात आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. विख्यात नृत्यांगना आणि राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणी देवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडले होते. सरकार स्वतः विधेयक आणील, या पंतप्रधान नेहरूंच्या आश्वासनानंतर त्यांनी ते मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. जीव वाचवण्यासाठी वा वेदना कमी करण्यासाठी उपयुक्त ज्ञान मिळवणारे प्रयोग हा कायदा बेकायदा ठरवत नाही. पण सतराव्या कलमात तो अटी घालतो. शक्य तिथे प्रयोग टाळावेत, लहान प्राण्याने भागत असेल तर मोठा घेऊ नये, भूल द्यावी, केवळ हाताला सराव व्हावा म्हणून शक्यतो प्राणी वापरू नये. याच कायद्याखाली प्रयोगांवर नियंत्रण ठेवणारी केंद्रीय समिती अस्तित्वात आली आणि १९९८ च्या नियमांनी संस्था-पातळीवरील कामकाजाची चौकट आखली. गंमत अशी की, इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च यांनी ‘पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा’ ही त्रिसूत्री मांडली ती १९५९ मध्ये. आपली संसद पुढच्याच वर्षी त्याच वाटेवर होती.

कायदा चांगला आहे. अडचण त्याच्या घरातील वाटण्यांत आहे. उंदीर-सशांवरील प्रस्ताव संस्थेची समिती मंजूर करू शकते. डुक्कर, मेंढी, कुत्रा असे मोठे प्राणी असतील तर फाईल दिल्लीला केंद्रीय समितीकडे जाते. ही समिती पशुसंवर्धन विभागाच्या अखत्यारीत आहे. साधनाला परवाना देणारी औषध मानक नियंत्रण संघटना आरोग्य मंत्रालयाची. साधनांच्या उद्योगाचे धोरण आखणारा औषधनिर्माण विभाग रसायन व खते मंत्रालयाचा. एकाच भुकटीकडे तीन मंत्रालये तीन दिशांनी पाहतात. एकाला त्यात प्राणी दिसतो, दुसऱ्याला रुग्ण, तिसऱ्याला कारखाना. तिघांचेही पाहणे रास्त आहे. फक्त ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी स्वतः अशा आंतरमंत्रालयीन बैठकांत बसलो आहे, तेव्हा या दोषात माझाही वाटा आहे.

मधल्या काळात साधनांचे नियमन कडक झाले, आणि ते योग्यच झाले. वैद्यकीय साधन नियम २०१७ मध्ये आले. पूर्वी मोजकीच साधने कायद्याच्या कक्षेत होती. १ एप्रिल २०२० पासून सर्वच आली. जोखमीनुसार ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग झाले. कमी जोखमीच्या दोन वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि अधिक जोखमीच्या दोन वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय वैद्यकीय साधन धोरणाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत हा उद्योग ५० अब्ज डॉलरपर्यंत नेण्याची आकांक्षा त्यात आहे.

यात एक विषमता मात्र दडलेली आहे. ज्याला भारतात पूर्वमान्यता असलेले समकक्ष साधन नाही, अशा नव्या साधनासाठी रुग्णांवरील चाचणीचा पुरावा द्यावा लागतो. परंतु तेच साधन अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान किंवा ऑस्ट्रेलियात मान्य होऊन किमान दोन वर्षे विकले गेले असेल, तर काही अटींवर आयातदाराला येथील चाचणीतून सूट मिळू शकते. रुग्णाला नवे साधन लवकर मिळावे, हा त्यामागील हेतू चुकीचा नाही. पण भारतीय नवउद्यमीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला मोठ्या प्राण्यांची सुसज्ज शाळा हवी, दुर्बीण चालवणारा तज्ज्ञ हवा, रात्रंदिवस देखरेख करणारा पशुवैद्य हवा, आणि दिल्लीहून येणाऱ्या परवानगीची वाट पाहण्याइतके भांडवल हवे. हे सारे जमवता न आल्याने तो एकतर परदेशातील प्रयोगशाळेत पैसे मोजून चाचणी करून आणतो, किंवा ‘समकक्ष’ शब्दाचा आधार शोधत कमी पुराव्याची वाट धरतो. पहिल्यात स्वावलंबनाचा पराभव आहे, दुसऱ्यात रुग्णाच्या सुरक्षिततेचा.

आपल्याकडे हे जमलेलेच नाही असे नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेली हृदयाची झडप हा त्याचा ठळक दाखला. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या त्या प्रकल्पात एकामागून एक नमुने बाद झाले. एका नमुन्यात कृत्रिम नीलमण्याची चकती वापरली होती; ती भंगली. अखेर कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूची चौकट आणि विशिष्ट पॉलिथिलीनची चकती यांवर रचना स्थिरावली, मेंढ्यांवर पारखली गेली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम माणसाच्या हृदयात बसवण्यात आली. अपयश लपवले गेले नाही, हे या कथेचे मर्म आहे. रुग्णालय, अभियंत्यांची कार्यशाळा आणि प्राणिशाळा एकाच संस्थेच्या छत्राखाली होती, हे तिच्या यशाचे कारण. धोरणकर्त्यांनी झडपेचे कौतुक केले. ती संस्थारचना पुरेशा ठिकाणी उभी केली नाही.

दुसरीकडे जग प्राण्यांवरील प्रयोगांपासून दूर जाऊ पाहत आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून औषधांसाठी प्राणी-चाचणीची अनिवार्यता काढून टाकली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नवी औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत दुरुस्ती करून पेशी, अवयव-चिप, संगणकीय प्रतिरूपे अशा पर्यायांना मान्यता दिली. हे स्वागतार्ह आहे. पण औषधाचे रेणू आणि रक्तस्राव थांबवणारे साधन यांत फरक आहे. यकृताच्या पेशींवर औषधाची विषारकता पाहता येते. दाबाने उसळणारी धमनी, आकुंचन पावणारे जठर, गोठणारे रक्त आणि फवाऱ्याचा झोत हे सारे एकत्र दाखवणारी चिप आज उपलब्ध नाही.

तरीही बरेच काही प्राण्याविना करता येते. जर्मनीतील एर्लांगन येथे १९९० च्या दशकात विकसित झालेल्या प्रशिक्षण-पद्धतीत कत्तलखान्यातून आणलेले डुकराचे जठर चौकटीवर बसवतात, त्यात नळी शिवतात आणि पंपाने कृत्रिम रक्त खेळवतात. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला ते खऱ्या रक्तस्रावासारखे दिसते. फवाऱ्याचा दाब किती हवा, नळी ओली होऊन तुंबते का, झोत कुठे पोहोचतो, हे प्रश्न तिथेच सुटतात. डॉक्टरांचा हात बसवण्यासाठी तर जिवंत प्राण्याची गरजच नाही. आपल्या कायद्याचे सतरावे कलम नेमके हेच सांगते.

आमच्या समितीत मी विचारलेले प्रश्न याच अभ्यासातून आले. कत्तलखान्यातील जठरावर जे कळू शकते ते आधी का तपासले नाही? प्राण्यांची संख्या कोणत्या हिशेबाने ठरवली? रक्त पातळ केले जाणार आहे का? तुलनेच्या गटात काहीच उपचार न करता प्राण्याला रक्तस्रावाने मरू देणार, की प्रचलित क्लिप वापरणार? प्राण्याला वेदना होत आहेत हे रात्री दोन वाजता कोण ओळखणार, आणि प्रयोग थांबवण्याचा अधिकार कोणाला? आणि शेवटचा प्रश्न: साधन अपयशी ठरले, तर ते तुम्ही प्रसिद्ध करणार का?

शेवटच्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरली. तरुण संशोधिकेने प्रामाणिकपणे उत्तर दिले, ‘गुंतवणूकदार तसे करू देतील का, सांगता येत नाही.’ तिच्या उत्तरात आपल्या व्यवस्थेचे निदान आहे. रुग्णांवरील चाचण्यांची नोंद भारतीय नोंदवहीत करणे जून २००९ पासून सक्तीचे आहे. प्राण्यांवरील अभ्यासांसाठी तशी सक्तीची सार्वजनिक नोंदवही नाही. त्यामुळे एका शहरात फसलेला प्रयोग दुसऱ्या शहरात पुन्हा होऊ शकतो. तेच प्राणी, तीच वेदना, तेच अपयश; आणि ज्ञानात भर शून्य. असा प्रयोग क्रूरही आहे आणि अशास्त्रीयही. विज्ञान आणि करुणा यांचा झगडा आहे असे आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की, वाईट आखलेला प्रयोग दोघांचाही शत्रू असतो.

यातून धोरणासाठी चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, देशाच्या चार-पाच भागांत मोठ्या प्राण्यांसाठी सुसज्ज, सार्वजनिक निधीवर चालणारी सामायिक केंद्रे उभारावीत. रुग्णालय आणि अभियांत्रिकी संस्था त्यांना जोडलेल्या असाव्यात, शुल्क नवउद्यमींना परवडावे. दुसरी, केंद्रीय समितीने मोठ्या प्राण्यांच्या प्रस्तावांवर निश्चित मुदतीत निर्णय द्यावा आणि नकाराची कारणे प्रसिद्ध करावीत. घाईने दिलेली मंजुरी आणि विलंबाने दिलेला नकार हे दोन्ही टाळता येतात. तिसरी, प्रत्येक मोठ्या प्राण्यावरील अभ्यास सुरू होण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत नोंदला जावा आणि निकाल काहीही लागो, तो ठरावीक काळानंतर खुला व्हावा; व्यापारी गुपितासाठी मुदत द्यावी, कायमचे मौन देऊ नये. चौथी, परवाना देणाऱ्या आणि प्राणी-प्रयोगांना अनुमती देणाऱ्या यंत्रणांनी एकत्र बसून साधनांच्या प्रकारानुसार ठरवावे की कोणता प्रश्न प्राण्याविना सुटतो आणि कोणत्यासाठी तो अपरिहार्य आहे. आज तो निर्णय प्रत्येक संस्थेतील समितीवर, म्हणजे कधीकधी माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्यावर, सोपवलेला आहे.

यावर एक आक्षेप येईल. ज्या देशात जिल्हा रुग्णालयात रात्री दुर्बीण मिळत नाही, तिथे भुकटीची चर्चा कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. रक्तपेढी, प्रशिक्षित डॉक्टर, वेदनाशामकांच्या बेसुमार विक्रीला आळा आणि जिवाणूवरील उपचार यांनी अधिक जीव वाचतील, यात मला शंका नाही. दुर्बीण नसेल तर भुकटी फवारायचीच कशातून? पण एका गरजेचे कारण देऊन दुसरी पुढे ढकलण्याची आपली जुनी सवय आहे, आणि तिच्यामुळे बहुधा दोन्ही कामे राहून जातात.

आमच्या समितीने तो प्रस्ताव परत पाठवला. संशोधकांनी कत्तलखान्यातील जठरांवर पहिला टप्पा पार पाडला. त्यात नळी तुंबत असल्याचे आढळले आणि रचना बदलावी लागली. तो दोष जिवंत प्राण्यावर सापडला असता, तर काही डुकरे निष्कारण गेली असती. सुधारित प्रस्तावात प्राण्यांची संख्या कमी होती, तुलनेच्या गटाला प्रचलित उपचार होता, रात्रीच्या पशुवैद्याचे नाव होते आणि निकाल प्रसिद्ध करण्याची लेखी हमी होती. मी सही केली. फाईल आता दिल्लीला आहे.

सही करताना मला दोन जीव आठवत होते: जीपच्या मागच्या आसनावर माझ्या हाताला धरून बसलेले पेशकार बाबू, आणि ज्याला मी कधीच पाहणार नाही असे एक जनावर. त्या दोघांपैकी एकाचीही फसवणूक होऊ नये, एवढेच समितीतील ‘सामाजिक भान असलेल्या’ सदस्याचे काम आहे. ते काम एका माणसाच्या सद्सद्विवेकावर सोडण्याऐवजी नियमांत कसे आणायचे, हे मात्र धोरण आखणाऱ्यांना ठरवावे लागेल.